समुद्र नसलेल्या जिल्ह्यातून लाटांचा हिशेब: कोपर्निकसच्या 'एरा-५' विदासेवेचे परीक्षण

समुद्राच्या लाटांतून किती वीज मिळू शकेल, याचा पहिला अंदाज बांधण्यासाठी लागणारी दीर्घ मुदतीची विदा (डेटा) आज कोणालाही विनामूल्य मिळते. युरोपीय संघाच्या कोपर्निकस हवामान-बदल सेवेच्या 'क्लायमेट डेटा स्टोअर' या संकेतस्थळावर 'एरा-५' नावाचा संच उपलब्ध आहे. युरोपीय मध्यम-मुदत हवामान अंदाज केंद्राने तयार केलेल्या या संचात वारा, तापमान आणि पाऊस यांच्याबरोबरच जगातील समुद्रांवरील लाटांची १९४० पासूनची तासागणिक माहिती आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी पदवीच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवतो, आणि वितरणे, सहसंबंध व टोकाच्या मूल्यांचे प्रतिमान हे विषय गेल्या काही काळापासून याच विदेवर शिकवत आहे. आमच्यापासून पूर्वेकडचा किंवा पश्चिमेकडचा कोणताही किनारा पाचशे किलोमीटरच्या आत नाही, त्यामुळे माझे परीक्षण हे समुद्रावर काम करणाऱ्या अभियंत्याचे नसून विदेच्या वाचकाचे आहे.

समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या माणसाने लाटांच्या विजेत लक्ष का घालावे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. राज्याच्या विजेचा मोठा भाग विदर्भात कोळसा जाळून तयार होतो. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट आहे, आणि त्याशिवाय कोराडी व खापरखेडा आहेतच. त्या केंद्रांची राख आणि धूर इथल्या गावांच्या वाट्याला येतात. कोळशाला पर्याय म्हणून जे काही पुढे येते, त्याचे आकडे तपासून पाहण्याचा आम्हाला अधिकार आहे, आणि माझ्या मते ती आमची गरजही आहे.

प्रथम हा संच म्हणजे काय ते स्पष्ट केले पाहिजे, कारण त्यावरच त्याचे गुण आणि मर्यादा दोन्ही अवलंबून आहेत. 'एरा-५' हे पुनर्विश्लेषण आहे. जहाजे, तरंगते बोये, उपग्रह, हवामान केंद्रे यांनी पूर्वी घेतलेल्या नोंदी आणि हवामानाचे भौतिक प्रतिमान यांचा मेळ घालून वातावरणाची व समुद्राची तासागणिक स्थिती त्यात पुन्हा उभी केलेली असते. वातावरणाची माहिती पाव अंशाच्या जाळीवर, तर लाटांची अर्ध्या अंशाच्या जाळीवर, म्हणजे ढोबळमानाने ५५ किलोमीटर अंतरावरच्या बिंदूंवर मिळते. प्रत्येक बिंदूवर लाटांची ऊर्जा २४ दिशा आणि ३० वारंवारता अशा विभागांत गणली जाते आणि त्या वर्णपटातून उंची, आवर्तकाल (एकामागून एक येणाऱ्या दोन लाटांमधला वेळ), दिशा हे आकडे काढले जातात. रत्नागिरीच्या समोरच्या बिंदूचा आकडा वाचताना तिथे त्या तासाला एखादे उपकरण तरंगत होते असे समजू नये. तो आकडा प्रतिमानाचा आहे. ही गोष्ट संकेतस्थळाने लपवलेली नाही, आणि वापरणाऱ्यानेही ती विसरता कामा नये.

वर्गात पहिल्याच तासाला एका विद्यार्थिनीने विचारले होते, "सर, लाट तं सारखी हालते, मंग तिची उंची मोजाची कशी?" लाटांच्या संख्याशास्त्राची सुरुवात याच प्रश्नापासून होते. एकेका लाटेची उंची यादृच्छिक असते, म्हणून काही काळातल्या सर्व लाटा घेऊन त्यांतील सर्वात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी काढण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वेर्ड्रुप आणि मुंक या शास्त्रज्ञांच्या कामातून रूढ झाली. तिला लक्षणीय उंची म्हणतात. आज ती वर्णपटातून, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाच्या चढउताराच्या प्रमाण विचलनाची (सरासरीभोवतीच्या पसाऱ्याच्या मापाची) चौपट करून काढतात, आणि 'एरा-५' मध्ये मिळते ती हीच. एकेकट्या लाटांच्या उंचीला रेले वितरण, म्हणजे कोणत्या उंचीच्या लाटा किती प्रमाणात येतात हे सांगणारे एक सूत्र, बऱ्यापैकी लागू पडते, हे लाँगेट-हिगिन्स यांनी १९५२ मध्ये दाखवले. त्यावरून हजार लाटांतील सर्वात उंच लाट लक्षणीय उंचीच्या सुमारे १.८६ पट असेल असा अंदाज निघतो. आठ सेकंदांच्या लाटा असतील तर हजार लाटा जायला सव्वादोन तास लागतात. म्हणजे लक्षणीय उंची तीन मीटर असेल, तर दोन-अडीच तासांत साडेपाच मीटरची एखादी लाट येणे स्वाभाविक मानावे लागते. प्रमाण विचलन ही कल्पना केवळ परीक्षेपुरती पाठ केलेल्या मुलांना ती पहिल्यांदा खरोखर कामाची वाटली ती इथे.

या सेवेचा मला सर्वाधिक भावलेला गुण आवर्तकालाशी संबंधित आहे. खोल पाण्यात लाटेच्या दर मीटर रुंदीमागे वाहणारी शक्ती किलोवॉटमध्ये काढण्यासाठी लक्षणीय उंचीचा मीटरमधील वर्ग, ऊर्जा-आवर्तकालाचे सेकंद आणि सुमारे ०.४९ हा गुणांक यांचा गुणाकार करतात. दोन मीटर उंची आणि आठ सेकंद आवर्तकाल असेल तर उत्तर सुमारे १५.७ किलोवॉट येते. उंची एक मीटरवर आली की ते ३.९ वर उतरते. या सूत्रात कोणताही आवर्तकाल घालून चालत नाही, वर्णपटाच्या विशिष्ट परिबलांतून निघणारा, म्हणजे जास्त ऊर्जेच्या लाटांना जास्त वजन देणारा, ऊर्जा-आवर्तकालच लागतो. बोयांच्या नोंदींत पुष्कळदा शून्य-छेद आवर्तकाल (पाणी सरासरी पातळी ओलांडून वर येते त्या दोन क्षणांमधला सरासरी वेळ) किंवा शिखर-आवर्तकाल (सर्वाधिक ऊर्जेच्या लाटांचा) असतो आणि त्यावरून ऊर्जा-आवर्तकाल काढताना वर्णपटाचा आकार गृहीत धरावा लागतो. 'एरा-५' मध्ये 'मीन वेव्ह पीरियड' या नावाने मिळणारा आकडा नेमका ऊर्जा-आवर्तकाल आहे; बाकीचे दोन सरासरी आवर्तकाल आणि शिखर-आवर्तकाल वेगळ्या नावांनी मिळतात. नाव साधे असल्यामुळे नवख्या माणसाच्या हे लक्षात येत नाही, म्हणून संच उघडण्यापूर्वी चलांची व्याख्या देणारे पान वाचावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या विदेतून लाटांच्या ऊर्जेचा अंदाज काढताना सर्वात सोपी आणि सर्वात फसवी वाट म्हणजे उंचीची वार्षिक सरासरी काढून ती सूत्रात घालणे. समजा, एखाद्या ठिकाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत लक्षणीय उंची अडीच मीटर, उरलेल्या आठ महिन्यांत ०.८ मीटर आणि आवर्तकाल वर्षभर आठ सेकंद आहे. उंचीची सरासरी १.३७ मीटर येते आणि तिच्यावरून शक्ती ७.३ किलोवॉट निघते. प्रत्येक महिन्याची शक्ती आधी काढून मग सरासरी घेतली, तर ती ९.८ किलोवॉट येते. उंचीचा वर्ग होत असल्यामुळे पहिल्या रीतीत जवळजवळ पाव हिस्सा हिशेबातून गळतो. शिवाय या ९.८ मधला पाच-षष्ठांश वाटा एकट्या पावसाळ्याचा आहे, ही बाब वार्षिक सरासरीत दिसतच नाही. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही: वर्षाचा पाऊस सरासरीइतका नोंदला गेला तरी ऐन पेरणीनंतर तीन आठवड्यांचा खंड पडला, तर त्या सरासरीने पीक वाचत नाही.

हे आकडे उदाहरणादाखल घेतले असले, तरी कोकणासमोरच्या समुद्राचे स्वरूप असेच आहे. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्र खवळून टाकतात. उरलेल्या काळात समुद्र तुलनेने शांत असतो, तरी तो निश्चल नसतो. दक्षिण महासागरातील वादळांत उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून मंद पण लांब आवर्तकालाच्या रूपात इथे पोहोचतात. हिवाळ्यात अरबस्तानाकडील शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा वायव्येकडून येतात आणि उन्हाळ्यात दुपारचे खारे वारे किनाऱ्यालगत आखूड लाटा निर्माण करतात. 'एरा-५' मध्ये स्थानिक वाऱ्याच्या लाटा आणि दुरून आलेल्या लाटा स्वतंत्र चलांत मिळतात. हे सर्व पाहुणे वेगवेगळे ओळखता येणे ही अभ्यासाच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

या वेगळेपणामुळे संख्याशास्त्रीय प्रतिमान मात्र अवघड होते. लक्षणीय उंचीसाठी बहुतेक पुस्तके वायबुल वितरण सुचवतात, ज्याचा आकार दोन आकड्यांनी जुळवून घेता येतो. वर्षभराच्या सर्व आकड्यांवर एकच वायबुल बसवले, तर कोकणासमोर ते नीट बसत नाही, कारण मुळात आकड्यांचे दोन वेगळे समूह एकत्र झालेले असतात: शांत ऋतूचा आणि मोसमी ऋतूचा. दोन्हींसाठी स्वतंत्र वायबुल बसवून त्यांचे दिवसांच्या प्रमाणात मिश्रण करणे हा त्याहून चांगला उपाय आहे. उंची आणि आवर्तकाल यांचा संबंधही साधा नाही. उंची कमी असते तेव्हा आखूड स्थानिक लाटा आणि लांब परक्या लाटा दोन्ही शक्य असल्यामुळे आवर्तकालाचा पसारा मोठा असतो. उंची वाढत जाते तसा तो पसारा आकसतो. एकच सहसंबंध गुणांक काढून हे चित्र सापडत नाही. म्हणून आधी उंचीचे वितरण आणि मग दिलेल्या उंचीसाठी आवर्तकालाचे लॉगनॉर्मल वितरण (ज्यात आकड्यांचे लॉगॅरिदम घंटाकृती वक्रात बसतात), ज्याचे मध्य आणि विचलन उंचीनुसार बदलतात, अशी सशर्त मांडणी करतात. ती समजावून सांगण्यासाठी मला आजवर याहून चांगला विदासंच मिळालेला नाही. विखुरणी-आलेखाकडे नुसते पाहूनच विद्यार्थ्यांना सशर्त वितरणाची गरज कळते.

उंची आणि आवर्तकाल यांचे असे संयुक्त वितरण हाती आल्यावर खरा उपयोग सुरू होतो. कोणतेही यंत्र लाटेतील सर्व शक्ती घेत नाही. त्याचा शक्ती-तक्ता असतो, ज्यात उंची आणि आवर्तकालाच्या प्रत्येक जोडीसाठी किती वीज निघेल ते दिलेले असते. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर २००८ मध्ये बसवलेल्या पेलामिस यंत्रांची क्षमता प्रत्येकी ७५० किलोवॉट होती. लाटा कितीही वाढल्या तरी त्यापुढे उत्पादन जाऊ शकत नव्हते. म्हणून मोसमी ऋतूतील प्रचंड ऊर्जेपैकी मोठा भाग यंत्राच्या मर्यादेमुळे वाहून जातो, आणि अति खवळलेल्या समुद्रात यंत्राला स्वतःचा जीव वाचवण्याच्या स्थितीत जावे लागते. दर मीटर किलोवॉट हा आकडा समुद्रातील नैसर्गिक संपत्तीचा आहे, हाती येणाऱ्या विजेचा नव्हे, हे यातून कळते.

अनिश्चिततेबाबत सेवेने दाखवलेला प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. मुख्य संचाबरोबर दहा पर्यायी गणितांचा समूहही दिला जातो. तो दर तीन तासांचा आणि अधिक विरळ जाळीवरचा असला, तरी कोणत्या काळात आणि कोणत्या भागात आकडे अधिक डळमळीत आहेत हे त्याच्या पसाऱ्यावरून दिसते. जुन्या दशकांत हिंदी महासागरातील नोंदी फार थोड्या होत्या. उपग्रहांनी मोजलेली लाटांची उंची या संचात १९९१ पासून मिसळली जाते. त्यामुळे १९४० पासूनचे आकडे सलग मांडून लाटा वाढत आहेत की घटत आहेत असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. बदल समुद्रात झाला की नोंदींत, हे वेगळे करता येत नाही. ऊर्जेच्या अंदाजासाठी मी अलीकडची तीन दशकेच घेतो. आणखी एक सूचना: एका बिंदूचे एका वर्षात ८,७६० आकडे मिळतात म्हणून ते ८,७६० स्वतंत्र निरीक्षणे होत नाहीत. एका तासाची लाट पुढच्या तासाच्या लाटेसारखीच असते आणि एक वादळ कित्येक दिवस टिकते. विश्वासांतर, म्हणजे अंदाज कोणत्या मर्यादांत खरा असावा ते, काढायचे तर अख्खी वर्षे पुन्हा पुन्हा यादृच्छिक उचलून पुनर्नमुने घ्यावेत, अन्यथा अंदाज खोट्या अचूकतेने मिरवू लागतो.

टोकाच्या लाटांचा विषय विदर्भात शिकवणे सोपे जाते, कारण पूररेषा सर्वांना ठाऊक असतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. वर्धा किंवा पैनगंगेच्या काठच्या मुलांनी आपल्या गावाचे घर कोणत्या रेषेत येते यावरचे वाद ऐकलेले असतात. समुद्रातील यंत्राचा पाया किंवा नांगर ठरवतानाही ५० किंवा १०० वर्षांच्या पुनरावृत्ती-काळाची लाट याच गणिताने काढतात, म्हणजे वार्षिक महत्तम आकड्यांवर सर्वसाधारण टोकमूल्य वितरण बसवून किंवा ठरावीक उंचीवरील वादळे निवडून. या कामासाठी मात्र 'एरा-५' एकट्यावर विसंबू नये. चक्रीवादळाचा गाभा या जाळीच्या मानाने लहान असतो, त्यामुळे त्यातील सर्वोच्च वारा आणि त्याबरोबर सर्वोच्च लाट कमी दाखवली जाते. जून २०२० मधील निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते या वादळांनी कोकण किनाऱ्याला ज्या गोष्टीची जाणीव करून दिली, तिचा हिशेब करण्यासाठी बोयांच्या नोंदी आणि वादळांची स्वतंत्र प्रतिमाने हवीत.

दुसरी मोठी मर्यादा किनाऱ्याची. वरचे सूत्र खोल पाण्यासाठी आहे. दहा सेकंदांच्या लाटेची खोल पाण्यातील लांबी सुमारे १५६ मीटर असते, आणि पाण्याची खोली तिच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो. ती वळते, मंदावते, घर्षणात ऊर्जा गमावते. केरळमध्ये विळिंजम येथे १९९१ मध्ये सुरू झालेले १५० किलोवॉटचे लाट-वीज केंद्र किनाऱ्यालगतच उभे होते. आयआयटी मद्रासच्या 'सिंधुजा-१' या यंत्राची नोव्हेंबर २०२२ मधील चाचणीही तुतिकोरिनपासून सुमारे सहा किलोमीटरवर, २० मीटर खोलीच्या पाण्यात झाली; त्यातून १०० वॉट वीज मिळाली. यंत्रे जिथे बसतात तो पट्टा ५५ किलोमीटरच्या जाळीत मावतच नाही. तिथला अंदाज काढण्यासाठी 'एरा-५' ची लाट सीमेवर देऊन डेल्फ्ट विद्यापीठाने विकसित केलेल्या 'स्वॉन' सारख्या किनारी प्रतिमानातून ती आत आणावी लागते आणि मग हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राच्या किनाऱ्यालगतच्या बोयांशी ताडून पाहावी लागते. लाट-ऊर्जेच्या आंतरराष्ट्रीय तांत्रिक मानकात मूल्यमापनाचे तीन स्तर सांगितले आहेत: प्राथमिक पाहणी, व्यवहार्यता आणि आराखडा. ही सेवा माझ्या मते पहिल्या स्तरासाठी उत्तम, दुसऱ्यासाठी कच्चा माल आणि तिसऱ्यासाठी अपुरी आहे.

प्रत्यक्ष वापराबद्दल थोडक्यात. नोंदणी विनामूल्य आहे, परवाना मान्य करावा लागतो आणि स्रोताचा उल्लेख केल्यास व्यावसायिक वापरालाही मुभा आहे. प्रत्येक मागणी रांगेत लागते, म्हणून संपूर्ण अरबी समुद्र मागण्याऐवजी उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम मर्यादा देऊन लहानसा चौकोन आणि एका वेळी एकच वर्ष मागावे. एका बिंदूच्या उंची, आवर्तकाल व दिशा या तीन चलांची वर्षभराची फाइल इतकी लहान असते की गावातल्या मोबाइल हॉटस्पॉटवरही ती सहज उतरते; हा मुद्दा शहरातल्या समीक्षकाला किरकोळ वाटेल, आम्हाला नाही. फाइल 'नेटसीडीएफ' प्रकारात घ्यावी, पायथनमध्ये ती चटकन उघडते आणि विद्यार्थ्यांकडे लॅपटॉप नसेल तर गूगल कोलॅबवर मोबाइलमधूनही काम भागते. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यामुळे खाऱ्या वाऱ्यांसारखी दिवसाच्या प्रहरांशी बांधलेली घटना पाहताना साडेपाच तास मिळवावे लागतात. दिशांची साधी सरासरी घेऊ नये. ३५० आणि १० अंशांची सरासरी १८० येते, जी नेमकी उलट दिशा आहे.

भारताने ऑगस्ट २०१९ मध्ये सागरी ऊर्जेला अधिकृतपणे नवीकरणीय ऊर्जा म्हणून मान्यता दिली, आणि देशाच्या किनाऱ्यावरील लाटांची सैद्धांतिक क्षमता सुमारे ४०,००० मेगावॉट असल्याचा प्राथमिक अंदाज सरकारी कागदपत्रांत आढळतो. सैद्धांतिक आणि प्राथमिक ही दोन्ही विशेषणे बातम्यांत गळून पडतात. ही सेवा वापरलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना आता असा आकडा दिसला की ते चार प्रश्न विचारतात: खोल पाण्यातला की किनाऱ्यालगतचा, सरासरीची शक्ती की शक्तीची सरासरी, यंत्राची मर्यादा धरून की न धरता, आणि कोणत्या महिन्यांतला. शेवटचा प्रश्न विदर्भाच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा आहे. ढगांमुळे सौर ऊर्जा उतरते त्याच महिन्यांत लाटांची ऊर्जा चढते, हे खरे आणि आशादायक आहे. पण शेतीपंपांची मागणी त्याच महिन्यांत सर्वात कमी असते आणि रब्बीच्या ओलिताला, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, जेव्हा दिवसा थ्री-फेज वीज हवी असते, तेव्हा कोकणचा समुद्र शांत असतो. सौर आणि लाट यांची महिन्यागणिक बेरीज याच संचातून करता येते, कारण सूर्यकिरणांची विदाही त्यात आहे. एकाच जागी, एकाच वेळमापनात, एकाच परवान्याखाली दोन्ही मिळणे ही सोय दुसरीकडे शोधत बसण्यापेक्षा महाविद्यालयांनी थेट इथूनच सुरुवात करावी, आणि पहिला सराव एका बिंदूच्या, एका वर्षाच्या, जून आणि जानेवारी या दोन महिन्यांच्या तुलनेने करावा.